न पाहिलेल्या माणसाला पत्रं



समजा, उद्या तुम्हाला कुणी म्हणालं, "तुझ्या कॉलेजचा सगळा खर्च मी करतो. अट एकच. दर महिन्याला मला एक पत्र लिहायचं. उत्तराची वाट पाहायची नाही आणि माझं खरं नाव विचारायचं नाही." तर काय कराल? पहिलं पत्र लिहाल झोकात. पण दुसरं, तिसरं, दहावं? ज्याचा चेहराही पाहिला नाही, त्याला सांगणार तरी काय?

जेरुशा ॲबट नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीपुढे अगदी हाच प्रश्न येतो. जीन वेब्स्टर या अमेरिकन लेखिकेच्या 'डॅडी लाँग लेग्ज' या कादंबरीची ती नायिका. पुस्तक १९१२ सालचं, म्हणजे शंभर वर्षांहूनही जुनं. पण वाचायला घ्या, शाईसुद्धा वाळली नसेल असं वाटतं!

जेरुशा अनाथाश्रमात वाढलेली. तिचं आडनाव आश्रमाच्या बाईंनी टेलिफोन डिरेक्टरीच्या पहिल्या पानावरून उचललेलं आणि नाव थडग्यावरच्या दगडावरून! आश्रमाचा एक विश्वस्त तिचा एक गमतीदार निबंध ऐकतो आणि तिला लेखिका करायचं ठरवतो. तिला काय दिसतं, तर मोटारीच्या दिव्यांमुळे भिंतीवर पडलेली त्याची लांबच लांब पायांची सावली, एखाद्या कोळ्यासारखी. म्हणून त्याचं नाव पडतं डॅडी लाँग लेग्ज. आणि स्वतःचं थडग्यावरचं नाव टाकून ती होते ज्यूडी.

पहिलं छोटं पहिलं प्रकरण सोडलं, तर सगळं पुस्तक म्हणजे ज्यूडीची पत्रं आणि त्यांत काडी-माणसांची मजेदार चित्रं. ती चित्रंही वेब्स्टरनंच काढलेली आहेत बरं का!

कॉलेजात ज्यूडीची फजिती होते. इतर मुली लहानपणापासून ऐकत आलेल्या गोष्टी हिला ठाऊकच नसतात. 'लिटल वुमेन' न वाचलेली आख्ख्या कॉलेजात आपण एकटीच, असं तिला वाटतं. मग ती काय करते? रडत बसत नाही. गुपचूप ते पुस्तक विकत आणते आणि रोज रात्री एकामागून एक पुस्तकं वाचून मागचं सगळं भरून काढते. आपण अनाथाश्रमातून आलो, हे मात्र ती मैत्रिणींना सांगत नाही. ती लाज मनात कुठंतरी रुतलेली असते.

आणि मग येतो जर्व्ही पेंडलटन. वर्गातल्या ज्युलियाचा काका, श्रीमंत, पण श्रीमंतीचा तोरा नसलेला. तो ज्यूडीशी बरोबरीनं बोलतो, वाद घालतो, हसतो. ज्यूडीच्या पत्रांत त्याचं नाव हळूहळू जास्त वेळा यायला लागतं. तिला स्वतःला ते कळायच्या आधी आपल्याला कळतं!

'प्रेमाची गोष्ट' म्हटलं की घरात जरा कुजबुज होते. पण आई-बाबा, पान उलटू नका. हे पुस्तक प्रेमाइतकंच स्वतःच्या पायांवर उभं राहण्याचं आहे. कसं, ते सांगते.

ज्यूडीवर त्या सावलीचे केवढे उपकार! फी, राहणं, जेवण आणि वर महिन्याला पस्तीस डॉलर हातखर्चाला. तरीही टोप्यांसाठी जास्तीचे पन्नास डॉलर आले, तेव्हा तिनं ते परत पाठवले. दुसरं वर्ष संपताना तिला शिष्यवृत्ती मिळाली. "घेऊ नकोस," असा चिटणिसाकडून निरोप आला. ज्यूडीनं घेतली! वर कळवलं, की माझ्यावर खर्च करणार होतात, त्या पैशांत आश्रमातल्या दुसऱ्या एखाद्या मुलीला शिकवा. सुट्टीत युरोपच्या सहलीला जायचा आग्रह झाला, तर तिनं त्याऐवजी शिकवण्या पत्करल्या. पहिली कादंबरी कुणी छापली नाही, ती तिनं भट्टीत टाकली आणि दुसरी लिहायला बसली. ती विकली गेली, तेव्हा एक हजार डॉलरचा चेक त्या सावलीच्या पत्त्यावर रवाना झाला.

हा उर्मटपणा झाला का? मला तसं वाटत नाही. ज्यूडी कधीच कृतघ्न होत नाही. पण उपकार करणाऱ्यालाही 'नाही' म्हणता येतं, तेही प्रेमानं आणि कारण सांगून, हे ती शिकते. मोठं होणं म्हणतात ते हेच असावं.

एक 'नाही' मात्र तिला फार जड जातं. जर्व्ही तिला लग्नाचं विचारतो आणि मनापासून आवडत असूनही ती नकार देते. कारण? मी अनाथाश्रमातली, तो एवढ्या मोठ्या घराण्यातला. आणि आपण कोण, हे तिनं त्याला कधी सांगितलेलंच नसतं. इथं तिचं धैर्य कमी पडतं. इतक्या ठिकाणी ताठ उभी राहणारी मुलगी लाजेपुढे वाकते, हे वाचताना घशात आवंढा येतो.

पुढं काय होतं, ते सांगणार नाही. डॅडी लाँग लेग्ज कोण, हेही नाही. पण ते कळल्यावर आनंदाच्या भरात पुस्तक लगेच मिटू नका. जरा विचार करा. ज्यूडीनं त्याला मनातलं सगळं लिहिलं. त्यानं मात्र "तुम्हाला टक्कल आहे का?" एवढ्या साध्या प्रश्नाचंही उत्तर दिलं नाही. एकाला सगळं माहीत आणि दुसऱ्याला काहीच नाही, ही बरोबरी झाली का? माझ्या मते, नाही झाली. तरी पुस्तक मला आवडतं. आवडत्या पुस्तकाशीही भांडता येतं, जसं ज्यूडी भांडली तसं.

जीन वेब्स्टर स्वतः व्हासार कॉलेजात शिकली आणि १९०१ साली पदवीधर झाली. विद्यार्थी असतानाच तिनं अनाथाश्रम पाहिले होते. बायकांना मताचा हक्क हवा, असं ती ठामपणे म्हणे आणि तिची ज्यूडीही त्यावर पत्रांतून कोपरखळ्या मारते. न्यूयॉर्क राज्यात तो हक्क १९१७ साली मिळाला, साऱ्या अमेरिकेत १९२० साली. वेब्स्टरला ते पाहायला मिळालं नाही. १९१६ साली, मुलीला जन्म दिल्यावर लगेचच ती वारली. ती अवघी ३९ वर्षांची होती.

तर या सुट्टीत ज्यूडीला भेटा. वाचून झालं, की आई-बाबांनाही द्या आणि मग घरात एक छानसा वाद होऊ द्या : त्यानं आपलं नाव लपवलं, ते बरोबर की चूक? कोण काय म्हणालं, ते मला नक्की कळवा. आणि हो, तुमच्या पत्राला उत्तर येईल. मी काही भिंतीवरची सावली नाही!