फुरसे कोकणचे, औषध तमिळ विषाचे

वंडलूरहून वालाजाबादकडे जाणारा रस्ता आणि सिंगपेरुमाळकोइलहून श्रीपेरुंबुदूरकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, ते ओरगडम. चेन्नईच्या नैऋत्येचा हा औद्योगिक पट्टा चाकण-तळेगाव पाहिलेल्या माणसाला अनोळखी वाटणार नाही. २०१०मध्ये इथे रेनॉ-निस्सानचा कारखाना सुरू झाला, २०१२मध्ये डेमलरचे ट्रक बाहेर पडू लागले, २०१३पासून रॉयल एनफिल्डच्या बुलेट. त्याआधी या भागात भातखाचरे होती, काटेरी झुडपांची माळराने होती आणि ‘एरी’ म्हणजे पावसाचे पाणी अडवणारे जुने उथळ तलाव होते. भात तिथे उंदीर, उंदीर तिथे साप आणि साप तिथे इरुळर, असा इथला जुना हिशेब.

‘जय भीम’ या २०२१च्या तमिळ चित्रपटामुळे इरुळर हे नाव मराठी घरांत पोचले, तेही कोठडीतल्या छळाच्या कथेतून. चेंगलपट्टू, कांचीपुरम, तिरुवल्लूर या जिल्ह्यांत विखुरलेली ही आदिवासी जमात पिढ्यान्‌पिढ्या साप आणि उंदीर पकडत आली आहे. सामग्री म्हणजे एक पहार आणि एक पिशवी. बिळाच्या तोंडाशी गुळगुळीत झालेली माती, ताजी विष्ठा, अडकलेला कातेचा तुकडा एवढ्यावरून आत नाग आहे की धामण, आणि तो घरी आहे की फिरायला गेला आहे, हे ही माणसे सांगतात. उंदराचे बीळ खणताना त्याने साठवलेले भात हाती लागते, तेही चुलीवर चढते. शेतकऱ्याचे चोरीला गेलेले धान्य परत मिळवून देणारी दुसरी यंत्रणा या देशात नाही.

हे कौशल्य अनेक वर्षे कातडीच्या बाजारात विकले गेले. परदेशातल्या पर्सा आणि पट्ट्यांसाठी भारतातून लाखो सापांची कातडी जात असे आणि मद्रासच्या व्यापाऱ्यांना माल पुरवणाऱ्यांत इरुळर मोठ्या संख्येने होते. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे कातड्याच्या निर्यातीवर बंदी आली. कायदा योग्यच होता. मात्र साप वाचवताना सापवाल्याने खायचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर शोधले रोम्युलस व्हिटेकर यांनी. लहानपणी आईबरोबर अमेरिकेतून मुंबईत आलेल्या या माणसाने मद्रासमध्ये सर्पोद्यान उभारले, १९७६मध्ये झाई व्हिटेकर यांच्यासह महाबलीपुरमच्या रस्त्यावर वडनेम्मेली इथे मगर बँक सुरू केली, आणि १९७८मध्ये त्याच आवारात इरुळर सर्पपकड्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप मारून कातडे विकण्याऐवजी तो जिवंत पकडायचा, विष काढायचे आणि रानात परत सोडायचा. वनखाते दर वर्षी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे किती पकडायचे याचा आकडा ठरवून परवाना देते. साप मातीच्या मडक्यात, तोंडाला कापड बांधून, साधारण तीन आठवडे ठेवतात. तेवढ्या काळात चार वेळा विष काढतात आणि पोटावरचे खवले कातरून खूण करतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा आणला गेला तर ओळखू येतो. सभासद तीनशेहून अधिक. देशातल्या प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा सर्वांत मोठा वाटा वर्षानुवर्षे या एका आवारातून गेला आहे.

या ज्ञानाची किंमत परदेशालाही कळली. २०१७मध्ये फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समध्ये बर्मी अजगरांनी मांडलेला उच्छाद आवरायला तिथल्या विद्यापीठाने मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल या दोन इरुळरांना बोलावले. पहिल्या दोन आठवड्यांच्या आत त्यांनी १३ अजगर काढून दिले. स्थानिक शिकारी गाडीतून रस्ते धुंडाळत होते, हे दोघे पायी उतरून गवतातल्या खुणा वाचत होते. २०२३मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

आता महाराष्ट्राकडे वळू. वडनेम्मेलीचे विष परळच्या हाफकिनकडे, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या कंपनीकडे आणि देशातल्या अशाच मोजक्या उत्पादकांकडे जाते. ते थोड्या थोड्या मात्रेत घोड्यांना टोचतात, घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि त्यांपासून प्रतिविषाची लस बनते. महाडच्या किंवा मालवणच्या दवाखान्यात सलाइनमधून रुग्णाला चढवतात ती हीच. बाटली मराठी घोड्याची असेल, पण तिचे लक्ष्य चेन्नईच्या आसपासचा साप आहे.

अडचण इथेच आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने गेल्या काही वर्षांत हे वारंवार दाखवून दिले आहे. राजस्थानातल्या नागाच्या विषापुढे बाजारातले प्रतिविष अपुरे पडले. कोरड्या हवामानातल्या घोणसाच्या विषात प्रथिने फोडणाऱ्या विकरांचा जोर अधिक आढळला. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांत बहुसंख्य खेड्यांतली. केंद्र सरकारने मार्च २०२४मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून हे मृत्यू २०३०पर्यंत निम्म्यावर आणायचे ठरवले आहे. एका जिल्ह्यातल्या मडक्यांच्या भरवशावर ते जमण्यासारखे नाही, आणि परवाना रखडला की इरुळरांची कमाईही थांबते आणि देशाचा पुरवठाही.

मग करायचे काय? महाराष्ट्राने स्वतःचे विष स्वतः गोळा करावे, आणि ते काम कातकऱ्यांच्या हाती द्यावे.

हा सल्ला हवेतला नाही. रायगड-रत्नागिरीचे कातकरी आणि तमिळनाडूचे इरुळर यांची कहाणी थक्क व्हावे इतकी जुळते. दोघेही सरकारी दफ्तरी अतिअसुरक्षित आदिवासी गटात. दोघांचे रानावरचे पोट कायद्याने तुटले. कातकऱ्यांचा खैरापासून काथ काढण्याचा धंदा गेला, इरुळरांचा कातड्याचा. दोघेही पुढे वीटभट्ट्यांवर उचल घेऊन अडकले. आणि भात कापल्यावर बांधावरची उंदरांची बिळे खणण्यात कातकऱ्याचा हात धरणारा कोकणात दुसरा कोणी नाही. दुसरीकडे फुरसे तर कोकणाच्या कातळसड्यावरचा जुना रहिवासी. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने डोक्यामागे बक्षीस लावले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात लाखोंच्या संख्येने फुरशी मारून आणली गेली, तरी ती संपली नाहीत. साप इथला, पकडणारा इथला, लस बनवणारे हाफकिन राज्य सरकारच्याच अखत्यारीत. मधली साखळी तेवढी वडनेम्मेलीवरून का फिरावी?

गरीब आदिवासीला विषारी सापाच्या तोंडी द्यायचे का, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण अनवाणी बिळे खणताना तो आजही त्या तोंडीच आहे, फक्त फुकट. आकडी, बूट, प्रशिक्षण, विमा आणि हाकेच्या अंतरावर प्रतिविषाचा साठा या अटींवरच असे केंद्र सुरू व्हावे.

दुसरा आक्षेप कायद्याचा. २०२२च्या दुरुस्तीने नाग आणि घोणस पहिल्या अनुसूचीत गेले, त्यामुळे परवानगी अवघड झाली, हे खरे. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात २०२५च्या नागपंचमीला २१ जणांना २१ नाग पकडण्याची परवानगी केंद्राने दिलीच. परंपरेचे ज्ञान पुढच्या पिढीला देण्यासाठी, असे कारण कागदावर होते. सणासाठी जे हलते ते औषधासाठी हलू नये?

नुसती बंदी किती पुरते, याचा धडा बेडकांनी दिलेला आहे. भारत एके काळी बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवणारा मोठा देश होता. १९८७मध्ये ती निर्यात बंद झाली, फार चांगले झाले. पण बेडूक राहतो पाणथळीत, आणि पाणथळी बुजवायला कोणाची हरकत नव्हती. चेन्नईच्या भोवतालच्या एरींवर वस्त्या आणि रस्ते चढले. डिसेंबर २०१५च्या महापुरात शहराने त्याची किंमत मोजली. ओरगडमसारख्या पट्ट्यात उरलेले तळे आणि त्याच्या काठचे झुडूप राखणे हे पूरनियंत्रणही आहे आणि बेडूक, दिवड, धामण यांचे संरक्षणही. आपल्या एमआयडीसींच्या नकाशांत हिरवा पट्टा म्हणजे कडेने लावलेला गुलमोहर, एवढीच समज अजून आहे.

महाराष्ट्रात सापांविषयी आस्था कमी नाही. १९८०मध्ये पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले, त्यानंतर गावोगाव सर्पमित्र तयार झाले आणि त्यांनी असंख्य साप काठीपासून वाचवले. हे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते की या चळवळीला शिस्त लागलेली नाही. पकडलेला साप वीस-तीस किलोमीटर दूरच्या जंगलात सोडला की पुण्य लागले, ही समजूत चुकीची आहे. कर्नाटकातल्या आगुंबे इथे नागराजांच्या अंगात रेडिओ ट्रान्समीटर बसवून साहस बर्वे, धीरज भैसारे आणि सहकाऱ्यांनी जो प्राथमिक अभ्यास केला, त्यात परक्या मुलखात सोडलेला साप ठिकाणावर न राहता दूरदूर भटकत गेलेला दिसला. केरळने वनखात्यामार्फत प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि ‘सर्प’ नावाचे ॲप आणून प्रत्येक पकडलेल्या सापाची नोंद सुरू केली. आपल्याकडे सर्पमित्राच्या हाती नागाचा फणा आणि समोर मोबाइलचा कॅमेरा हे दृश्य अजून टाळ्या घेते. २०२५मध्ये राज्य सरकारने सर्पमित्रांना ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याची तयारी दाखवली. ओळखपत्राबरोबर नोंदवहीही सक्तीची करावी. कोणता साप, कुठे, कोणत्या महिन्यात, एवढ्या नोंदींवरून कोणत्या तालुक्यात किती प्रतिविष ठेवायचे ते ठरवता येईल.

आज सरकारचा पैसा माणूस गेल्यावर निघतो. शेतकऱ्याला सर्पदंशाने मृत्यू आला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. परंतु अशा काही डझन प्रकरणांच्या रकमेत माणगाव किंवा महाडला विषसंकलनाचे छोटे केंद्र आणि कातकऱ्यांची एक सहकारी संस्था उभी राहू शकते. आदिवासी विकास, वन आणि हाफकिन ज्यांच्याकडे आहे ते वैद्यकीय शिक्षण, या तिन्ही खात्यांचे मंत्री एकाच मंत्रिमंडळात बसतात. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी या एका विषयावर एक बैठक घ्यावी, आणि तिला दोन कातकरी आणि वडनेम्मेलीचा एक इरुळर बोलवावा.