तलवार घेण्याआधी मूठ उघडा

आमचा भाचा जर्मनीत ब्राउनश्वाइग शहरी तंत्रविद्यापीठात शिकतो. मागील महिन्यात त्याने तेथून एका तलवारीचे फोटो पाठविले आणि विचारले, "मामा, घेऊ का?" जुन्या वस्तूंच्या बाजारातला दुकानदार ती सामुराईची, तीनशे वर्षांची म्हणून विकत होता. मुठीला एक कापडी चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर फिकट शाईत जपानी अक्षरे. तलवार विकत घ्यावी, चिठ्ठीवरच्या माणसाचे घर शोधावे आणि ती त्यांना जपानला पाठवावी, असा भाच्याचा मानस.

त्याची आई म्हणाली, शस्त्राचा पैसा वाया. आम्हांला तसे वाटत नाही. आमच्या आजोबांच्या घरी दसऱ्याला ऊस तोडण्याच्या कोयत्यालाही कुंकू लागत असे. जुन्या लोखंडाचा मान आम्ही जाणतो. आमची हरकत एवढीच की, वस्तू कोणती आहे हे ठाऊक नसताना कोणी खिशात हात घालू नये.

जपानी लष्कराच्या तलवारी एका जातीच्या नाहीत. 1935 साली हवालदार दर्जाच्या लोकांसाठी जो नमुना निघाला तो कारखान्यातला. त्याची मूठ धातूची, ओतीव, वर दोरी गुंडाळल्यासारखी रंगविलेली, आणि पात्यावर नंबर ठोकलेला. तोच नंबर म्यानावर असला तर जोड मूळची समजावी. अधिकाऱ्यांच्या 1934 आणि 1938 च्या नमुन्यांची गोष्ट निराळी. अधिकारी आपली तलवार स्वतःच्या पैशाने घेत. कोणी कारखान्यातले पाते घेई, तर कोणी घरातले वाडवडिलांचे पाते लष्करी मुठीत बसवून युद्धावर जाई. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून दुकानदाराचे तीनशे वर्षे हे सरळ खोटे असेलच असे नाही, पण त्याच्या शब्दावर ते खरेही धरता येत नाही.

खरे काय ते मुठीच्या आत असते. मुठीत बांबूची एक लहान खुंटी असते. ती हलक्या हाताने काढली की मूठ सुटते आणि पात्याचे शेपूट दिसते. जपानी लोक त्याला नाकागो म्हणतात. कारागिराचे नाव पुष्कळदा तेथे कोरलेले असते. तेथला काळा गंज हा वयाचा दाखला आहे, तो घासून काढणाऱ्याने दाखलाच फाडला असे समजा. पाते चकचकीत करण्याचा मोहही आवरावा. नकली माल पुष्कळ फिरतो. त्याच्या शेपटावर गंज बहुधा मुद्दाम चढविलेला असतो, आणि पात्याच्या धारेजवळची नागमोडी रेघ पाणी देताना उठलेली नसून आम्लाने ओढलेली असते.

भाच्याने आग्रह धरला तेव्हा दुकानदाराने कुरकुर करीत मूठ उघडली. शेपटावर कारागिराच्या नावाजवळ एक बारीक शिक्का निघाला : सेकी. या गावी युद्धकाळात लष्करासाठी ढीगभर पाती बनत. म्हणजे सामुराई नव्हे. शिक्का सांगतो की पोलाद कारखान्याचे, पाणी बहुधा तेलात दिलेले, आणि वय ऐंशीच्या आसपास.

येथे भाच्याचा चांगला मानसही अडला. जपानच्या 1958 च्या कायद्याने परंपरागत रीतीने घडविलेल्या तलवारींचीच कलावस्तू म्हणून नोंद होते. कारखान्याच्या लष्करी पात्याला ती मिळत नाही. ते तेथे पाठविले तर जप्त होऊन मोडीत जाण्याची भीती. घरी पोहोचवायला निघालेली वस्तू दारातच नष्ट व्हायची!

ओळखीचे मोल काय असते याचे उदाहरण आपल्याकडचेच आहे. 2025 साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार मिळविली, खर्च सुमारे 47 लाख रुपये. पाते युरोपात घडलेले, म्हणूनच अशा तलवारीला फिरंग म्हणत. नुसते पाते पाहणारा तिला परदेशी ठरविता. पण तिच्यावर देवनागरीत सोन्याने रघुजींचे नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब लिहिला आहे. ती कोणाची हे त्या ओळीने सांगितले.

म्हणून त्या कापडी चिठ्ठीबद्दल आम्ही हट्टी आहोत. 1945 साली शरण येताना कित्येक अधिकाऱ्यांनी आपली नावे लिहून अशा चिठ्ठ्या तलवारींना बांधल्या, परत मिळेल या आशेने. विकणारे त्या कधी कधी कचरा म्हणून तोडतात. आमच्या पणजोबांचेही या बेटावर प्रथम नाव नव्हे, नंबर होता. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदवह्यांत त्या नंबरासमोर त्यांचे नाव आणि रत्नागिरीतले गाव वाचले तो दिवस आम्ही विसरणे शक्य नाही. कोणीतरी ते पान फाडले असते तर?

भाच्याला आम्ही लिहिले : दुकानदाराला सामुराईचे नव्हे, युद्धकाळच्या कारखान्याच्या पात्याचे मोल सांग. चिठ्ठी तोडू नकोस. विद्यापीठात कोणी जपानी विद्यार्थी असल्यास आधी ती वाचून घे. घर सापडले तर त्यांना चिठ्ठी आणि फोटो पाठव, तलवार नको. जर्मनीत अठरा वर्षांवरच्या माणसाला ती घेता येते, पण रस्त्याने उघडी मिरविता येत नाही, हे विसरू नकोस. आणि मॉरिशसला आणण्याचा विचार असेल तर आधी येथल्या कस्टमला आम्ही विचारतो.

दुकानदाराने शनिवारपर्यंत थांबायचे कबूल केले आहे. चिठ्ठीवरची पहिली दोन अक्षरे वाचता आली, असे काल भाच्याचे पत्र आले.