ओढ्यात पोकलेन उतरवू नका

वाईच्या पश्चिम भागात माझं कृषी सेवा केंद्र आहे. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नत्र वीस किलोच्या वर. ते सगळं पिकाला लागत नाही, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं आणि मलाही. उरल्यातलं काही हवेत जातं, काही पाण्याबरोबर ओढ्यात उतरतं. ओढा कृष्णेला मिळतो आणि कृष्णा धोम धरणाला. म्हणूनच वरच्या अंगाच्या ओढ्यांचं खोलीकरण ग्रामसभेत निघालं तेव्हा मी विरोधात बोललो. खतवाला पाण्याची काळजी करतोय म्हणून काहीजण हसलेही.

त्या ओढ्यात एकदा उतरून बघा. पाणी जेमतेम पोटरीएवढं. गोटा हाताला बुळबुळीत लागतो, तो शेवाळ आणि जिवाणूंचा थर. वाळुंजाच्या मुळ्यांत जांभळीची, उंबराची पानं अडकून कुजत असतात. पान कुजवणाऱ्या बुरशीला पानातलं नत्र पुरत नाही. कमी पडेल तेवढं ती पाण्यातून ओढून घेते. तळाच्या गाळात प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. स्फुरदाला ती वाट नाही. ते बारीक मातीला चिकटून बसतं. पाणी उथळ, त्यामुळे त्याचा तळाशी सतत संबंध येतो. मोठ्या नदीत बरंचसं पाणी तळाला न शिवताच पुढे जातं.

अमेरिकेतल्या उगमाकडच्या ओढ्यांचा अभ्यास २००१ साली ‘सायन्स’मध्ये आला. जीवसृष्टी जोमात असते त्या ऋतूत पाणलोटातून आलेल्या विरघळलेल्या असेंद्रिय नत्रापैकी निम्म्याहून कमीच पुढे जातं, असं त्यात दिसलं. २००८ साली ‘नेचर’मध्ये ७२ प्रवाहांचा अभ्यास आला. नायट्रेट वाढत गेलं, की त्यातला अडणारा हिस्सा घटत जातो, हे त्याने दाखवलं. म्हणजे ओढा राबतो, पण त्यालाही मर्यादा आहे.

आषाढातल्या लोंढ्यापुढे ओढ्याचं फारसं चालत नाही. त्याचं खरं काम पाऊस ओसरल्यावर, पाणी संथ झालं की. नेमकी तेव्हाच आमच्याकडे स्ट्रॉबेरीला ठिबकमधून विद्राव्य खतं सुरू होतात. पोकलेनने गोटे उपसले, मुळ्या तोडल्या, वळणं सरळ केली, की उरतो नुसता चर. पाणी त्यातून धावत सुटतं आणि सोबतचं खत थेट धरणात नेतं.

पाणी साठवायला माझा विरोध नाही. खाली गाळाने भरलेले नाले आहेत, तिथला गाळ जरूर काढा. वरच्या ओढ्यांची नावं मात्र खोलीकरणाच्या यादीतून वगळा. काठची पाच-सहा हात पट्टी नांगरू नका, पात्रात पडलेलं झाड सरपणाला ओढून नेऊ नका आणि युरिया एकदम न फेकता हप्त्याहप्त्याने द्या. तसं केलंत तर माझ्या चार गोण्या कमी खपतील. खपू देत. पैसे मोजून घेतलेलं नत्र पिकाला लागावं आणि त्यातून निसटेल ते अडवायला ओढा जागेवर असावा, यात गावाचं नुकसान काय, ते पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी मला सांगावं.