पंप घेण्याआधी माप बघा

डोहाळजेवणाच्या भेटींत हल्ली ब्रेस्ट पंपही दिसतो. हौस चांगली, पण खरेदी बाळंतपणानंतर केलेली बरी. पंपाच्या फनेलचे माप स्तनाच्या आकारावर नव्हे, स्तनाग्राच्या व्यासावर ठरते आणि बाळंतपणानंतर ते बदलू शकते. माप चुकले की स्तनाग्रे सोलवटतात, दूध कमी निघते आणि घरात बोल लागतो तो आईला, ‘हिला दूधच नाही!’ महागडी मोटर अशा वेळी काही कामाची नाही.

रबरी फुग्याचा स्वस्त पंप तर घेऊच नये. दूध फुग्यात शिरते आणि तो आतून नीट धुता येत नाही. क्वचितच दूध काढायचे असेल तर धुतलेले हात पुरेत. प्रसूतिगृहातल्या सिस्टरांकडून पद्धत शिकून घ्यावी. रोज नोकरीवर जाणारीला दोन्ही बाजूंनी एकदम चालणारा विजेचा पंप सोयीचा. अर्थात कचेरीने त्यासाठी स्वच्छतागृह दाखवले, तर कोणताही पंप व्यर्थच. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ४ तास टिकते. विदर्भातल्या मे महिन्यात त्याला लगेच फ्रिज लागतो आणि दाराला कडी असलेली खोलीही.