परप्रांतीय सून आणि आमचा मांडव

अलीकडे सुशिक्षित मराठी घरांतून एक गोष्ट मोठ्या अभिमानानें सांगितली जाते. मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरास किंवा परदेशीं गेला, तेथें त्यानें आपल्या पसंतीची मुलगी निवडली, ती तामिळ किंवा बंगाली निघाली, आणि आईबापांनीं तिळभरही कुरकुर न करितां तिला घरांत घेतलें. हें सांगणारास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वीं पोटजातीवरून सोयरिकी मोडत, त्याच घरांतून हें ऐकूं यावें ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु या हकीकतीचें पुढचें वाक्य कानीं पडलें कीं आमचा आनंद निम्म्यावर येतो. तें वाक्य बहुधा असें असतें: "आणि काय सांगूं, नऊवारी नेसून, नथ घालून मांडवांत उभी राहिली, तेव्हां ती आपल्यांतली नव्हे असें कोणी म्हणालें नसतें!"

म्हणजे मुलीची वाखाणणी कशाबद्दल, तर ती कोठून आली हें तिच्याच लग्नाच्या दिवशीं ओळखूं आलें नाहीं याबद्दल. आमचा वाद आहे तो या वाखाणणीशीं.

अशा लग्नाची पत्रिका दोन लिपींत छापतात, आणि दोन संस्कृतींचा संगम वगैरे शब्द तींत हटकून असतात. पण कार्यक्रमाचा कागद हातीं घेऊन पाहावा. सीमांतपूजन आमचें, गौरीहर आमचा, अंतरपाट, मंगलाष्टकें, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी, सारें आमचें. आणि आदल्या संध्याकाळीं, पाहुणे अद्याप जमावयाचे असतांना, "मुलीकडची पद्धत" या मथळ्याखालीं अर्धा तास. ज्या गोष्टी वधूच्या आईनें, आजीनें, पणजीनें केल्या, त्या अर्ध्या तासांत, अपुऱ्या साहित्यावर, अपुऱ्या माणसांसमोर उरकल्या जातात, आणि आमच्याकडील मंडळी तेवढ्या वेळांत चहा घेतात. यास संगम म्हणणें म्हणजे ओढ्याला नदींत सोडून त्याचें नांव पुसून टाकण्यास संगम म्हणण्यासारखें आहे.

त्या अर्ध्या तासांत काय काय बसवावें लागतें, याची कल्पना आमच्या वाचकांस यावी म्हणून तामिळ ब्राह्मणांच्या लग्नाचें उदाहरण घेऊं. तेथें वर छत्री, काठी व पंखा घेऊन काशीस जाण्यास निघतो, आणि वधूपिता वाटेंत गांठून, आपली मुलगी देऊं करून त्यास परत आणतो. मग उभयतांचे मामा त्यांना खांद्यावर उचलून घेतात आणि वधूवर परस्परांच्या गळ्यांत माळा घालतात. त्यानंतर दोघांस झोपाळ्यावर बसवितात. यास ऊंजल म्हणतात. सुवासिनी झोपाळ्याभोवतीं गाणीं म्हणतात, दुधानें पाय धुतात, रंगीत भाताचे मुटके ओवाळून दृष्ट काढून टाकतात. पुढें वधू नऊ वारी लुगडें विशिष्ट तऱ्हेनें नेसून येते आणि बापाच्या मांडीवर बसते. तालीची पहिली गांठ वर बांधतो, उरलेल्या त्याची बहीण बांधते. सप्तपदीनंतर वर तिचा पाय हातांत धरून तो पाट्यावर ठेवतो व बोटांत जोडवीं घालतो.

आतां यांत आम्हांस परकें असें किती आहे? त्यांचा मामा भाचीस खांद्यावर घेतो, आमचा मामा तिला हातीं धरून बोहल्याकडे आणतो. नातें तेंच, मान तोच. नऊ वार तिकडेही नऊच. पाट्यावर पाय ठेवणें हें तर गृह्यसूत्रांतील अश्मारोहण आहे, आणि आमचे पुरोहितही तें करवितात; फक्त इतक्या घाईनें, कीं वधूलाही तें कळत नाहीं. बंगाली लग्नांत वधू विड्याच्या पानांनीं तोंड झांकून पाटावर बसते, तिचे भाऊ तिला पाटासकट उचलून वराभोवतीं सात वेळां फिरवितात, आणि मग पानें दूर होऊन दृष्टादृष्ट होते. ही आमच्या अंतरपाटाची सख्खी बहीण नव्हे काय? पण ओळख पटण्यास आधीं पाहावें लागतें, आणि पाहण्यास तर आम्हांला सवड नसते.

याहून बोचणारी गोष्ट उखाण्याची. तिला चार ओळी देवनागरींत, वा तेंही वाचतां येत नसेल तर तिच्या लिपींत, लिहून देतात. ती त्या रात्र जागून पाठ करते, भर मांडवांत अडखळत म्हणते, आणि "ळ" चुकला कीं पंगत हंसते. (तामिळ मुलीचा "ळ" बहुधा चुकत नाहीं, तेथें हंसूं येण्यास दुसरें अक्षर शोधावें लागतें.) हें हंसणें मायेचें असतें हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तिच्या आईबापांस कळेल असें एक वाक्य तामिळमध्यें पाठ करण्याची सक्ति आमच्या मुलावर कोणी केल्याचें आम्हीं अद्याप पाहिलें नाहीं. आणि मग संध्याकाळीं ताटांत तांदूळ पसरून अंगठीनें तिचें नवें नांव लिहितात. तामिळ मुलगी जन्मापासून आपल्या नांवाआधीं बापाच्या नांवाचें आद्याक्षर बाळगून असते. बहुतेक घरीं आडनांव नसतेंच. आम्ही तें एक अक्षर काढतों, मधें नवऱ्याचें नांव घालतों, शेवटीं आडनांव जोडतों, आणि क्वचित् मूळ नांवही बदलतों. सकाळीं बापाच्या मांडीवरून उठलेली मुलगी संध्याकाळपर्यंत कागदोपत्रीं बापापासून तुटलेली असते, आणि या सर्वास आम्ही म्हणतों, "तिला आपल्यांत घेतली."

यावर पहिला आक्षेप शास्त्राचा येतो. लग्न वराच्या कुलाचाराप्रमाणें होतें, हाच धर्म, असें वडील मंडळी ठांसून सांगतात. ज्यांच्या नांवावर आमचे ऋग्वेदी आपला विवाहविधि चालवितात, त्या आश्वलायनानें विवाहप्रकरणाच्या आरंभींच सांगून ठेविलें आहे कीं, निरनिराळ्या देशांचे व गांवांचे आचार अनेक प्रकारचे असतात आणि ते विवाहांत पाळावे. सर्वांना समान तेवढेंच आपण सांगत आहों. आपस्तंब तर याच प्रकरणांत एक पाऊल पुढें जाऊन म्हणतो कीं, हे आचार स्त्रियांकडून समजून घ्यावे. सूत्रकार ज्या गोष्टीसाठीं बायकांकडे बोट दाखवितात, तिच्यासाठीं आम्ही सभागृहाच्या व्यवस्थापकाकडे जातों. शिवाय ज्या मंगळसूत्रावांचून आमच्या वडील मंडळींस लग्न लागल्यासारखेंच वाटत नाहीं, तें बांधण्याचा विधि या प्राचीन गृह्यसूत्रांत नाहीं. कोणत्या तरी देशाचा आचार कोणी तरी घेतला, तो रुळला, आणि आज तोच सनातन झाला.

कायद्याचा आधार घ्यावा, तर तोही वरपक्षास मिळत नाहीं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचें सातवें कलम सांगतें कीं, विवाह उभयपक्षांपैकीं कोणत्याही एकाच्या रूढ विधींप्रमाणें लावतां येतो. वराच्याच, असें त्यांत नाहीं. आणि हे विधि म्हणजे नुसती शोभा, असेंही कोणी समजूं नये. नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानें या कायद्याखालील विवाह सिद्ध होत नाहीं, विधि प्रत्यक्ष घडले पाहिजेत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं स्पष्ट केलें आहे. वधूवर भिन्न धर्मांचीं असलीं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्याखालीं अधिकारी व तीन साक्षीदार यांच्या समक्ष दोघांनीं परस्परांस, उभयतांना समजेल अशा भाषेंत, स्वीकाराचे शब्द उच्चारावे लागतात. मंगलाष्टकांच्या गजरांत जी मुलगी तासभर खालीं पाहून उभी असते, तिला त्या कचेरींतील साध्या टेबलापाशीं निदान स्वतःच्या तोंडानें बोलावें लागतें, आणि तें तिला कळतही असतें.

दुसरा आक्षेप भेसळीचा. असें सरमिसळ करीत गेलें तर आपलें कांहींच उरणार नाहीं, अशी भीति घातली जाते. ज्यांना ही भीति वाटते त्यांनीं वसईकडील व मुंबईच्या जुन्या गांवठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचें लग्न पाहावें. विवाह चर्चमध्यें, पण त्याआधीं बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचें पाणी आणतात, आणि गाणीं मराठी बोलींत म्हणतात. गोव्यांत धर्मन्यायालयानें १७३६ सालीं जाहीरनामा काढून ख्रिस्ती झालेल्यांच्या लग्नांतील हळद, गाणीं, पानसुपारी अशा कित्येक गोष्टींस बंदी केली. तें न्यायालय १८१२ सालीं कायमचें बंद झालें. वधूच्या अंगास नारळाचा रस लावण्याचा विधि आणि हातांतला चुडा हीं दोन्ही आजही आहेत. कुलाब्याकडील बेने इस्राएल हे ज्यू, पण त्यांच्या वधूच्या हातीं आदल्या रात्रीं मेंदी लागली, गळ्यांत मंगळसूत्र आलें. यहुदी विवाहपत्राचें वाचन त्यानें थांबलें नाहीं. या तिन्ही ठिकाणीं शेजाऱ्याचें घेऊन किंवा पूर्वजांचें राखून माणसें आपआपल्या धर्मांत खुशाल नांदलीं. आचार गेले असतील ते राखण्याची हौस संपली म्हणून गेले; पाहुणे मांडवांत आले म्हणून नव्हे.

खरी भेसळ तर जेथें दोन्ही घरें अस्सल मराठी असतात तेथेंच अधिक दिसते. १९९४ सालच्या "हम आपके हैं कौन" या चित्रपटांत जोडे पळविण्याचा खेळ साऱ्यांनीं पाहिला, आणि ज्या घरांत पंजाबशीं सात पिढ्यांत संबंध नाहीं तेथें नवरदेवाचे जोडे नाहींसे होऊं लागले. सिनेमाच्या पडद्यावरून आलेली चाल विनातक्रार मांडवांत शिरते. सख्ख्या विहिणीच्या घरची चाल मात्र दारांत थबकून परवानगी मागते. यापलीकडे या प्रकारावर लिहिण्याइतकें त्यांत कांहीं नाहीं.

कन्यादानाविषयीं मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आमच्याच मताचे कांहीं सुधारक येथें घोटाळा करितात. मुलगी ही दान देण्याची वस्तु नव्हे, म्हणून तो विधि गाळावा, हें मत आम्हांस मान्य आहे. पण तें स्वतःच्या मुलीच्या लग्नांत लागू करण्यासाठीं. परप्रांतीय व्याह्यानें मुलीस मांडीवर घेतलें असतां वरपक्षानें पुढें होऊन "आमच्याकडे हें चालत नाहीं" असें सांगणें, ही सुधारणा नव्हे, ही वरपक्षाची जुनीच मिजास नव्या पोषाखांत आली आहे. तो विधि ठेवावा कीं टाकावा हें त्या मुलीनें ठरवावें. तिनें टाकला तर आम्ही संतोष मानूं. तिनें ठेवला, तर त्या मांडीवर बसण्यांत तिला काय वाटतें हें तिला विचारण्याआधीं आम्हीं तिला व्याख्यान देऊं नये.

शेवटचा आक्षेप वेळेचा आणि दोन पुरोहितांचा. वेळ नाहीं असें म्हणणाऱ्या घरांतच संध्याकाळीं वधूवरांस तीन तास उभें करून पाहुण्यांबरोबर छायाचित्रें काढवितात. त्यांतला एक तास ऊंजलास सहज मिळतो. पुरोहितांविषयीं म्हणावें, तर महाराष्ट्रांतील व तामिळनाडूंतील ब्राह्मणांत तैत्तिरीय शाखेचीं घराणीं दोन्हीकडे आहेत; होम, पाणिग्रहण, सप्तपदी हीं तर सर्वत्रच आहेत. दोघांस आठ दिवस आधीं एकत्र बसविलें तर क्रम ठरविण्यास एक दुपार पुरते. अडचण बहुधा अशी असते कीं, त्यांना एकत्र बसवावें असें कोणास सुचलेलें नसतें, कारण एकानें मुख्य असावें व दुसऱ्यानें हजेरी लावावी हें आधींच ठरून गेलेलें असतें.

तेव्हां ज्या घरीं यंदा असें कार्य निघालें असेल, त्यांनीं सभागृह ठरविण्यापूर्वीं मुलीच्या आईकडून, आणि आजी असल्यास आधीं आजीकडून, त्यांच्या घरच्या विधींचा क्रम लिहून घ्यावा. कोणत्या विधीस किती वेळ, कोणतीं माणसें, कोणतें साहित्य लागतें तें विचारावें. झोपाळा टांगण्यास जागा आहे कीं नाहीं तेंही सभागृहांत जाऊन पाहून यावें. ती यादी आमच्या यादीशेजारीं ठेवून मगच कार्यक्रमाचा कागद छापखान्यांत द्यावा, आणि त्यांत "मुलीकडची पद्धत" असा वेगळा मथळा नसावा.