रोटेशन महिनाभर आधी कळू द्या

माननीय कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वय 33. घरी नवरा, सासूबाई आणि साडेपाच वर्षांचा मुलगा. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी स्वतंत्र सीईटी पहिल्यांदा झाली 2023 मध्ये. त्या परीक्षेला मी बसले तेव्हा बारावी सायन्स होऊन बारा वर्षं लोटली होती. फिजिक्सची पुस्तकं भाचीकडून आणली आणि मुलगा झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून गणितं सोडवली.

या वयात हे का सुचलं, असं मला अजूनही विचारतात. सासरे शेवटच्या आजारपणात रुग्णालयात होते. एका संध्याकाळपासून ते फार तळमळत होते. आम्ही त्यांना हट्टी म्हणून दटावत होतो. रात्री तीनला फेरीवर आलेल्या सिस्टर काही न विचारता पलंगाखाली वाकल्या आणि त्यांनी लघवीची पिशवी पाहिली. पिशवी रिकामी होती, कारण नळी गादीखाली दुमडली होती. त्यांनी ती सरळ केली आणि थोड्या वेळात बाबा शांत झोपले. आम्ही घरची चार माणसं तिथेच बसून होतो, एकालाही ते दिसलं नव्हतं. त्या बाईंना जे दिसलं ते आपल्यालाही दिसायला हवं, असं त्या रात्री वाटलं आणि ते मनातून गेलं नाही.

घरचे म्हणाले, तीन वर्षांची जीएनएम पदविका कर, चार वर्षं कशाला? मी हिशेब मांडला. जीएनएमनंतर पदवी हवी असेल तर पोस्ट बेसिकची आणखी दोन वर्षं, म्हणजे एकूण पाच. मला पुढे एम.एस्सी. करून शिकवायचं आहे, म्हणून चार वर्षांची पदवीच सोयीची. बारावी आर्ट्स झालेल्या माझ्या मैत्रिणीपुढे हा पर्याय नव्हता, कारण बी.एस्सी.ला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. तिने जीएनएम घेतलं आणि योग्यच केलं. कॉलेज शोधताना एका ठिकाणी सांगितलं, ‘मॅडम, तुम्ही फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो.’ तिथून मी तशीच परतले. माझ्यासारख्या ज्या कोणी हे पत्र वाचत असतील त्यांना सांगते : कॉलेजची इमारत नंतर बघा, आधी त्याचं रुग्णालय बघा, खाटांवर पेशंट आहेत का ते बघा, आणि नर्सिंग कौन्सिलच्या व विद्यापीठाच्या यादीत नाव आहे का ते स्वतः तपासा.

आता मूळ विषय. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांत या पदवीच्या प्रवेशाचं वय 17 ते 35 आहे. म्हणजे तिशीतल्या बाईला दार नियमानेच उघडं आहे. पण आत गेल्यावर सगळी व्यवस्था सतरा-अठराच्या, वसतिगृहात राहणाऱ्या, मागे कोणी नसलेल्या मुलीसाठी आहे.

दुसऱ्या वर्षी एकदा रात्री साडेआठला ग्रुपवर मेसेज आला : उद्यापासून मॉर्निंगऐवजी इव्हनिंग ड्युटी. इव्हनिंग म्हणजे दुपारी 2 ते रात्री 8. सासूबाई गावी गेल्या होत्या, नवऱ्याची सेकंड शिफ्ट होती. मुलाची बालवाडी एकला सुटते. शेजारच्या काकू दोन दिवस सांभाळायला तयार झाल्या, तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरीच कोणी आजारी पडलं. मी गेले नाही. प्रॅक्टिकलची हजेरी परीक्षेला बसण्यापुरती 80 टक्के चालते, पण पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक विभागाची 100 टक्के भरावी लागते. ती एक ड्युटी मी सुट्टीत भरली. तिचं मला दुःख नाही. दुःख याचं आहे की ते रोटेशन पंधरा दिवस आधीच ठरलेलं होतं, फक्त आम्हाला सांगितलं नव्हतं.

हजेरीत सूट द्या, असं मी मागत नाही. प्रसूतिकक्षातले दिवस बुडवलेल्या नर्सच्या हाती मी माझी बहीण देणार नाही. पाचशे मिलीची सलाइन आठ तासांत द्यायची आणि सेट मिलीला वीस थेंबांचा, तर मिनिटाला एकवीस थेंब. हे गणित वर्गात सोपं आहे. खाटेशी उभं राहून, घड्याळ बघत, थेंब मोजत ते अंगात मुरायला दिवस लागतात. ते दिवस पुरे भरायलाच हवेत.

आणि आम्हा वयाने मोठ्या विद्यार्थिनींचा उपयोगही होतो. मेडिसिन वॉर्डातल्या एक आजी दोन दिवस स्पंजिंग करू देत नव्हत्या. माझ्याबरोबरच्या मुली विनवून दमल्या. आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तू लेकुरवाळी दिसतीस, तू पूस.’ पाठ पुसताना माकडहाडाजवळ लाल झालेली कातडी दिसली. बेडसोअरची ती सुरुवात होती. इन्चार्ज सिस्टरना लगेच दाखवली. माझ्याबरोबरच्या त्याच मुलींनी मला मायक्रोबायॉलॉजी शिकवली, हेही इथे सांगायला हवं.

पुण्यात 1909 मध्ये सुरू झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानड्यांनी बायकांना नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात धाडलं, तेव्हा त्यांच्या राहण्याची सोयही संस्थेने पाहिली. त्या बायकांत तरुण विधवा होत्या, शाळा सुटून वर्षं झालेल्या होत्या. शिकणारीची परिस्थिती बघून सोय करायची, हे या मातीत नवं नाही.

माझ्या मागण्या दोनच आहेत. विद्यापीठाने संलग्न कॉलेजांना परिपत्रक काढावं : क्लिनिकल रोटेशन आणि राहिलेल्या ड्युट्या भरण्याच्या तारखा किमान महिनाभर आधी फलकावर लागाव्यात, आणि आणीबाणीशिवाय त्यात बदल होऊ नये. दुसरी मागणी पाळणाघराची. 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली. पण ती तरतूद कर्मचाऱ्यांसाठी आहे. त्याच रुग्णालयात, त्याच पाळीत उभी असलेली विद्यार्थिनी कर्मचारी नसते, म्हणून तिचं मूल त्यात बसत नाही. जिथे पाळणाघर आहे तिथे आमच्या मुलांनाही घ्यावं, रीतसर शुल्क घेऊन घ्यावं.

माझं एक वर्ष उरलं आहे. माझा मुलगा आता शाळेत जाईल, माझं कसंही निभेल. पण पुढच्या प्रवेशफेरीत कोणीतरी तीस वर्षांची बाई दोन वर्षांचं मूल घरी ठेवून कागदपत्रं तपासायला रांगेत उभी असेल. तिचं पहिलं सत्र सुरू होण्याआधी हे परिपत्रक निघावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
बी.एस्सी. नर्सिंग, तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी