नकाशातली खिडकी



मागच्या मे महिन्यात मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसन इमारतीत बचतगटाची बैठक होती. सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर, दुपारी तीनला. बाया जमल्या होत्या, पण खोलीत नाही, जिन्याच्या वळणावर. "आत बसवत नाही ताई," जिचं घर ती म्हणाली, "स्लॅब एकदा तापला की मध्यरात्र उलटली तरी गार होत नाही." मी आत डोकावले. खिडकी होती, चांगली अ‍ॅल्युमिनियमची, सरकती. पण बंद, आणि वर जुन्या साडीचा पडदा. का, असं विचारल्यावर सगळ्याच हसल्या. समोरची इमारत दहा-बारा फुटांवर. "खिडकी उघडली की समोरचा आमच्या ताटात काय वाढलंय ते मोजतो. आणि नुसतं ताटातलंच नाही."

त्या बंद खिडकीबद्दल आज लिहायचं आहे.

पक्क्या घरासाठी वस्तीतल्या बायका किती मोर्च्यांत चालल्या, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर, ही आपल्या दृष्टीनं मोठीच गोष्ट होती. क्षेत्रफळही २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांवर गेलं. आपण चौरस फूट मोजत राहिलो आणि ते बरोबरच होतं. पण त्या चौरस फुटांत दिवसाचे सोळा-सतरा तास कोण असतं, हा प्रश्न नकाशा मंजूर करणाऱ्यांना आपण कधी विचारला नाही. पुरुष कामावर जातो, मुलं शाळेत जातात किंवा खाली खेळतात. घरात उरते ती बाई, तिची सासू आणि एखादं तान्हं मूल. ती पापड लाटते, इमिटेशनचे दागिने ओवते, शिलाई करते. पापड लाटताना पंखा बंद, कारण पीठ सुकतं. गॅस पेटला की पंखा बंद, कारण ज्योत हलते. म्हणजे सर्वांत जास्त उकाड्याच्या वेळीच तिच्या डोक्यावरचा पंखा थांबलेला असतो.

इमारत तापते कशी, हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. दिवसभर काँक्रीट ऊन पितं आणि रात्री ते आत सोडतं. पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी आतून हात लावून पाहा. वारा खेळता असेल तर ही उष्णता बाहेर जाते, नसेल तर साचत राहते. म्हणूनच दुपारच्या आकड्यापेक्षा रात्रीचा आकडा महत्त्वाचा. शरीराला गार व्हायला रात्र मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन दुप्पट बाधतं, आणि गरोदर बाई, म्हातारी माणसं, तान्ही मुलं यांना आधी बाधतं.

नवी इमारत किती तापेल हे बांधण्याआधीच मोजता येतं. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं २०१८ साली 'इको निवास संहिता' काढली. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात घराच्या क्षेत्रफळाच्या निदान १६.६६ टक्के इतकी जागा उघडता आली पाहिजे, असं ती सांगते. ३०० चौरस फुटांच्या घराला ही जागा होते ५० चौरस फूट. सरकत्या खिडकीची अर्धीच बाजू उघडते, म्हणून ती अर्धीच धरायची. बोळात उघडणारा दरवाजा तर धरायचाच नाही. आता आपापल्या घराची बेरीज करून पाहा. छतातून किती उष्णता आत यावी यालाही संहितेनं मर्यादा घातली आहे. नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबमधून त्याच्या जवळजवळ तिप्पट येते. पण राज्यानं आणि पालिकेनं आपल्या नियमांत घेतल्याशिवाय अशी संहिता कागदावरच राहते.

आणि समजा घेतली, तरी माझं भांडण उरतंच. संहिता खिडकी मोजते, ती उघडणारी बाई मोजत नाही. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून नव्या घरांसाठी उकाड्याचा वेगळा नियम लागू झाला. रात्री बाहेरच्या गोंगाटामुळे जी खिडकी बंद ठेवावी लागते, किंवा तळमजल्यावर चोराच्या भीतीनं जी उघडी टाकता येत नाही, ती उघडी आहे असं धरून हिशेब करायचा नाही, असं तो नियम म्हणतो. याच न्यायानं, समोरच्या नजरेमुळे बाईला जी उघडता येत नाही ती खिडकी आपल्या हिशेबात शून्य धरली पाहिजे. मग दोन इमारतींमधलं अंतर हा नुसता बिल्डरच्या नफ्याचा मामला राहत नाही. मानखुर्द-गोवंडीकडच्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमधल्या अभ्यासानं २०१८ साली दाखवलंच होतं की इमारती खेटून बांधल्यामुळे जिथे ऊन-वारा पोचत नाही तिथे क्षयरोग बळावतो. खालच्या मजल्यावर अंधार आणि खोकला, वरच्या मजल्यावर भट्टी.

कुणी म्हणेल, एसी घ्या. बिल बाजूला ठेवू. पण त्या दहा फुटांच्या फटीत एसीची गरम हवा जाणार कुठे? समोरच्या बाईच्या घरात.

उपाय आहेत, आणि ते फार महागही नाहीत, नकाशा कागदावर असताना तर नाहीतच. डोक्याच्या वर झडपेचं व्हेंटिलेटर असलं तर गरम हवा बाहेर जाते आणि नजर आत येत नाही. खिडकीवर पुरेसा छज्जा हवा. कडी लागणारा जाळीचा दरवाजा हवा. गच्चीवर पांढरा चुना किंवा पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक हवं. अहमदाबादनं मे २०१० च्या जीवघेण्या उष्णतेनंतर २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला, आणि तिथल्या वस्त्यांत महिला हाउसिंग ट्रस्टच्या बायकांनी घरांची छपरं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं. म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी बिल्डरला विचारायचं: समोरची भिंत किती फुटांवर? खिडकी किती उघडते? वरच्या स्लॅबवर काय घालणार? आणि उत्तर लेखी घ्यायचं. 'बायकांना नकाशातलं काय कळतं' हे ऐकावं लागेल. ऐकून घ्या आणि परत विचारा.

जिथे राहायला गेलोच आहोत तिथे वही घालू या. एक साधं थर्मामीटर भिंतीला न टेकवता टांगा. पहाटे, दुपारी तीनला आणि रात्री अकराला आकडा लिहा. शेजारी मजला, खिडकीची दिशा, खिडकी उघडी की बंद, आणि बंद असेल तर का, हेही लिहा. शेवटचा रकाना सोडू नका. कोणत्याही सरकारी तक्त्यात तो नाही. वह्या आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.

सातव्या मजल्यावरच्या गटानं जूनमध्येच सोसायटीकडे गच्चीची किल्ली मागितली. चुना लावायला, आणि रात्री बायकांनाही वर झोपता यावं म्हणून. चुन्याला सोसायटीनं होकार दिला आहे. किल्ली अजून चेअरमनच्याच खिशात आहे.